कॅथीड्रलवरचं कोरीव काम रेखाटताना हात कुठे अडतो?

कोरा कागद

नमस्कार मंडळी,

चित्रकला विभागात हा माझा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

कामानिमित्त दीड वर्षापासून पॅरिसमध्ये आहे. महिन्यातले दोन शनिवार तरी माँपारनास स्टेशनवरून शार्त्रची गाडी पकडते. तासाभराहून थोडा जास्त प्रवास. तिथल्या कॅथीड्रलच्या पश्चिमेच्या दाराला 'राजद्वार' म्हणतात. त्याच्यासमोर घडीचं स्टूल टाकायचं आणि चित्र काढत बसायचं, एवढाच कार्यक्रम. हे दार साधारण ११४५ ते ११५५ मधलं. ११९४ मध्ये मोठी आग लागून मागचं बरंचसं चर्च जळालं, दार मात्र वाचलं. म्हणजे मागे जी भव्य वास्तू दिसते तिच्यापेक्षा तिचं दार वयाने मोठं.

दाराच्या दोन्ही अंगांना खांबांतूनच निघालेले राजे-राण्या उभे आहेत. सडसडीत, लांबच लांब, पावलं खाली उतरती. राण्यांच्या वेण्या पार कमरेखाली येतात. मागच्या शनिवारी त्यातली एक राणी काढायला घेतली. चुण्या मोजल्या, वेणीचे पेड मोजले, काठाची नक्षी ठिपक्याठिपक्याने उतरवली. तीन तास गेले. घरी येऊन चित्र भिंतीला टेकवलं आणि लांबून पाहिलं, तर मेंदीच्या पुस्तकातलं पान! रेघ न् रेघ जागेवर आहे, पण दगड कुठेच नाही. ती बाई उभी आहे असं वाटतच नाही.

सगळंच काढायचं नसेल तर सोडायचं काय, हे कसं ठरवता? आणि आणखी एक. शेजारच्या एका पुतळ्याचा हात मनगटापासून गेलाय. मी तो मनानेच जोडून काढला आणि तेव्हापासून चुटपुट लागली आहे. तुम्ही असं करता का?

पावशेर

आधी चित्र टाका ताई. रोगी पाहिल्याशिवाय औषध कसं द्यायचं?

कोरा कागद

टाकलं. लेखाच्या शेवटी जोडलंय. मोबाइलवर काढलेला फोटो आहे, कागद थोडा पिवळा दिसतोय.

पावशेर

अहो, हात चांगला आहे की! वेणी तर फार सुरेख आलीय. पण तुम्ही म्हणता ते पटलं. साडीवरची नक्षी वाटते, दगड नाही वाटत.

निवृत्त मास्तर

कोरा कागद, मी शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. तुमचं चित्र पाहताक्षणी ओळखलं की सुरुवात वेणीपासून झालीय. बरोबर ना? मुलं स्थिरचित्रात आधी तांब्याच्या कडेवरची नक्षी काढतात आणि मग तांब्या त्या नक्षीत बसवायला बघतात. तांब्या वाकडा होतो आणि दोष येतो नक्षीवर.

आधी आतला आकार. तुमची राणी हा मुळात एक खांब आहे. एक उभा दंडगोल, तो किंचित पुढे आलेला, बस्स. खांद्याची, कमरेची, गुडघ्याची पातळी त्याच्यावर आडव्या वळशांनी दाखवा. चुण्या त्या वळशांवरून खाली उतरतील. स्तंभशीर्षाचंही तसंच. पानांच्या आत उलट्या घंटेसारखा आकार असतो, तो आधी काढायचा. पानं कुठून उगवतात आणि वरच्या चौकोनी फळीखाली कुठे वळतात, एवढे बिंदू ठेवायचे. पान शेवटी.

खिडक्यांच्या दगडी जाळीला तर इंटरमीजिएटची भूमितीच लागते. 'दिलेल्या वर्तुळात परस्परांना व वर्तुळाला स्पर्श करणारी तीन समान वर्तुळे काढा', हा प्रश्न आठवतोय का कुणाला? मोठ्या वर्तुळाची त्रिज्या १० सेंमी असेल तर आतल्या वर्तुळाची ४.६४ येते. मधल्या रेघा पुसा, त्रिदल तयार. टोकदार कमानही तशीच. कमानीची रुंदी घ्या, कंपास तेवढाच उघडा, एकदा डाव्या टोकावर टेकवा, एकदा उजव्या. दोन कंस वर भेटतात ती कमान. मुलं विचारायची, सर हे कुठे उपयोगी पडणार? मी तेव्हा शार्त्रचा फोटो दाखवायचो.

तेराव्या शतकात व्हिलार द ऑनकूर नावाचा एक माणूस चर्चं बघत हिंडला. त्याच्या चर्मपत्राच्या वहीची ३३ पानं आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यात माणसांचे चेहरे, मेंढे, हात त्याने त्रिकोण-चौकोनांवर बसवून दाखवलेत. एक सिंह आहे, समोरून बघणारा. तो जिवंत पाहून काढल्याचं शेजारी लिहिलंय, पण तोंड बघावं तर कंपासने काढलेलं वर्तुळ! मला तो सिंह फार आवडतो. जिवंत प्राणी समोर असला तरी हात आधी वर्तुळाकडेच गेला त्याचा.

कोरा कागद

मास्तर, सुरुवात वेणीपासूनच झाली होती. हे चित्रावरून कळतं यावर विश्वासच बसत नाहीये. आणि तो प्रश्न मला इंटरमीजिएटला आला होता! कंपासचं टोक कागदातून आरपार गेलं होतं.

लेझर किरण

मला एक कळत नाही. आज चांगला फोटो घ्यावा, टॅबवर ठेवावा, वरून रेघा ओढाव्यात. थंडीत तीन तास बसून चुण्या कशाला मोजायच्या? पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलचंच उदाहरण घ्या. अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने २०१० मध्ये लेझरने सगळी वास्तू मोजून ठेवली होती. एक अब्जाहून जास्त बिंदू. १५ एप्रिल २०१९ ला आग लागली तेव्हा ती मोजणी केवढी मोलाची ठरली. हाताच्या चित्रातून तेवढी अचूकता कधी येणार आहे का?

बोरू

अचूकता हवी कुणाला आहे? त्यांना चित्र हवंय.

टाकीचे घाव

लेझर किरण, तुमचा मुद्दा खोटा नाही. दुरुस्ती करणाऱ्याला ती मोजणी हवीच. पण धागाकर्तीचा प्रश्न मोजमापाचा नाही.

मी जे. जे.ला शिल्पकला शिकलो, पुढे बरीच वर्षं दगडात काम केलं. कोरणारा कसा विचार करतो ते सांगतो, कदाचित त्यातून उत्तर निघेल. दगडात रेघ नसते. ठोकळ्यावर कोळशाने किंवा खडूने रेघ ओढतात ती पहिल्या तासाभरात छिन्नीखाली उडून जाते. नंतर उरतात दोनच गोष्टी, पुढे आलेलं आणि मागे गेलेलं. चुणी म्हणजे रेघ नाही, चुणी म्हणजे एक चर. तिची एक भिंत उजेडाकडे तोंड करून, दुसरी पाठ फिरवून. चर किती खोल घ्यायचा हे खालून बघणाऱ्याला तो किती काळा दिसायला हवा त्यावर ठरतं. वीस-तीस फुटांवरची नक्षी म्हणूनच जवळून रांगडी दिसते. नजरेच्या टप्प्यातली नाजूक.

म्हणजे कोरणाऱ्याने काय कोरलं? सावली कोरली. तुम्ही सावलीच्या कडेची रेघ काढलीत आणि सावली कागदावर आणलीच नाहीत. तुमची प्रत्येक चुणी सारख्याच जाडीची आहे, बघा. प्रत्यक्षात दोन खोल, बाकी सगळ्या उथळ, असंच असणार.

फोटोबद्दल: फोटो एका डोळ्याने बघतो. कोरलेल्या कामासमोर बसलात की नकळत मान जराशी हलते, आणि पान मागच्या दगडापासून किती सुटलंय ते कळतं. फोटोतली काळी जागा म्हणजे भोक आहे, डाग आहे की काजळी, हे घरी बसून ओळखू येत नाही. मी स्वतः फसलोय.

सई नॉटिंगहॅम

टाकीचे घाव, प्रतिसाद अतिशय आवडला. 'सावली कोरली' हे वाचून मला माझा साउथवेलचा दिवस आठवला.

माझ्या घरापासून साउथवेल मिन्स्टर हे इंग्लंडमधलं जुनं, मोठं चर्च जवळ आहे. गाव छोटं, पण या मिन्स्टरला १८८४ पासून कॅथीड्रलचा दर्जा आहे. तिथल्या सभागृहात, म्हणजे धर्मगुरूंची बैठक भरायची त्या आठकोनी खोलीत, तेराव्या शतकाच्या शेवटाची पानं आहेत. पानं म्हणजे खरीच पानं. ओक, मेपल, हॉथॉर्न, आयव्ही, द्राक्षवेल, हॉप. कोरणाऱ्याने टेबलावर फांदी ठेवून काम केलं असावं असं वाटतं. एके ठिकाणी ओकखाली डुकरं त्याची फळं खाताहेत.

मी मेपलच्या एका स्तंभशीर्षासमोर बसले होते. तासभर पानाची बाह्यरेषा काढत होते, खोडत होते. प्रत्येक पानाला पाच टोकं, आणि सगळी पानं एकमेकांवर. मग कंटाळून मी पानं सोडूनच दिली. पानांच्या मागे नुसता अंधार आहे, पान दगडापासून पूर्ण मोकळं कोरलंय, तिथे खोल पोकळी आहे. तो अंधार काढला. फोर-बी पेन्सिलीने सहा काळे डाग, प्रत्येकाचा आकार वेगळा. एक विंचवासारखा, एक तुटक्या त्रिकोणासारखा. चौथा डाग भरला आणि मधलं पान आपोआप वर आलं. मी त्याला हातही लावला नव्हता! पानाच्या अंगावर मग एकच शीर काढली आणि थांबले.

कोरा कागद, सोडायचं काय, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच: उजेडातलं सोडा, अंधारातलं काढा.

रानजाई

सई, त्या पानांचे फोटो असतील तर नक्की टाका. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. दगडातलं पान जातीपर्यंत ओळखता येणं ही किती मोठी गोष्ट आहे! त्यासाठी कोरणाऱ्याने पानाची कड कशी कापलेली आहे आणि देठ कुठून फुटतो, या दोन गोष्टी अचूक पकडलेल्या असणार. आम्ही मुलांना वनस्पतींची चित्रं काढायला लावतो तेव्हा हेच सांगतो. पन्नास शिरा काढल्या तरी कड चुकली तर झाड चुकलं.

सई नॉटिंगहॅम

रानजाई, अगदी. हॉथॉर्नची खोल कापलेली पानं आणि लाल फळांचे घोस लांबूनही ओळखू येतात. (दगडात ती लाल नाहीत अर्थात, पण डोळ्यांना लालच दिसतात.) फोटो संध्याकाळी टाकते.

वेल्स (Wells) या इंग्लंडमधल्या गावच्या कॅथीड्रललाही एकदा जा. तिथली पानं साउथवेलच्या आधीची, कुठल्याच झाडाची नाहीत. जाडसर, वळलेली, वाऱ्याने एका बाजूला झुकल्यासारखी. नवशिक्याला ती सोपी जातात कारण आकार मोठे आहेत. त्यांच्यात मधूनच माणसं डोकावतात. एक दातदुखीने गाल ओढून धरलेला, एक पायातला काटा काढणारा, आणि द्राक्षं चोरून पळणारे दोघे, ज्यांना पुढे मार पडतो.

पावशेर

दातदुखी आठशे वर्षांपूर्वीही तशीच होती म्हणायची. तो माणूस मला सख्खा वाटला. रूट कॅनाल परवाच झालंय.

सह्यवेडा

अवांतर विचारतो. त्या गार्गॉयलबद्दल कुणीच कसं बोललं नाही? मला गॉथिक, म्हणजे ही टोकदार कमानींची शैली, म्हटलं की तीच भुतं आठवतात. पॅरिसचा तो गालावर हात ठेवून शहराकडे बघणारा राक्षस काढायचाय मला.

टाकीचे घाव

सह्यवेडा, तो गार्गॉयल नाही आणि मध्ययुगीनही नाही.

गार्गॉयल म्हणजे पाणी फेकणारं तोंड. जुन्या फ्रेंचमधल्या घशाच्या शब्दावरून ते नाव आलंय. छपरावरचं पाणी भिंतीवरून ओघळलं तर चुनखडी खराब होते, म्हणून ते लांबलचक मानेतून भिंतीपासून दूर टाकायचं. आपल्या गोमुखाचं काम तेच. तुम्ही म्हणता तो नुसता बसलेला आहे, त्याच्यातून पाणी येत नाही. तसल्यांना किमेरा म्हणतात, आणि नोत्र-दामवरचे ते सगळे व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत बसवलेले. शार्ल मेरियॉंने १८५३ मध्ये त्या गालावर हातवाल्याचं कोरीवछाप चित्र केलं आणि तो जगभर गेला.

काढा जरूर, छानच आहे तो. फक्त खाली 'तेरावं शतक' असं लिहू नका.

गार्गॉयल काढायचा तर बाजूने काढा. समोरून तो नुसतं एक तोंड दिसतो. बाजूने बघितलं की कळतं, अख्खा प्राणी हा एक बाहेर काढलेला तुळईवजा दगड आहे, मागचा भाग भिंतीत दाबलेला आणि पाठीवरून पन्हळ.

सह्यवेडा

अरेच्चा! हे माहीतच नव्हतं. माझ्याकडे त्याचं चुंबक आहे फ्रिजवर.

काळी माती

मास्तरांनी व्हिलारचा उल्लेख केला म्हणून लिहिते. लाँ नावाच्या गावच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यांवर दगडी बैल आहेत, १६. उंचावरून खाली बघणारे. टेकडीवर दगड ओढून नेणाऱ्या बैलांची आठवण म्हणून ते बसवले असं तिथे सांगतात. व्हिलारने तो मनोरा बैलांसकट आपल्या वहीत काढलाय आणि असा मनोरा दुसरीकडे पाहिला नाही असं लिहिलंय. मी शेतकऱ्याच्या घरातली. पहिल्यांदा खाली उभी राहून ते बैल पाहिले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. संतांच्या, राजांच्याही वर बैल! मला चित्र काढता येत नाही, पण त्यांची शिंगं मी वहीत उतरवून आणली.

निवृत्त मास्तर

काळी माती, ती वही इथे दाखवा. चित्र येत नाही असं म्हणू नका.

बोरू

जरा वेगळं बोलतो. सावलीचा एवढा उदोउदो चाललाय, पण व्हिलारची सगळी वही बोरूच्या रेघेत आहे. त्याच्या कपड्यांच्या चुण्या बघा. टोकाला आकड्यासारखी वळलेली एकच रेघ, आणि कापड पडलेलं दिसतं. रेघ दोषी नाही. कोरा कागद यांची रेघ सगळीकडे सारखी आहे, दोष तिथे आहे. दाबा, सोडा, तोडा. जिथे दगड उजेडात जातो तिथे रेघ तुटली पाहिजे. बंद रेघ म्हणजे कुंपण, त्यात हवा शिरत नाही.

मी बांबूचा बोरू आणि पातळ केलेली सेपिया शाई वापरतो. शाई संपत आली की रेघ आपोआप फिकट होते. ती सोय पेन्सिलीत नाही.

टाकीचे घाव

बोरू, मान्य. मी बोललो ते कोरणाऱ्याच्या बाजूने. रेघ तुटली पाहिजे, हे मी नाही सांगू शकलो असतो.

गिरगावकर

आम्ही पॅरिसला कधी जाणार! पण रोज सीएसएमटीला उतरतो. तिथल्या भिंतींवर पानं, मोर, माकडं, खारी सगळं आहे. तिथे सराव केला तर चालेल का? की ते 'खरं' गॉथिक नाही म्हणून बाद?

निवृत्त मास्तर

बाद कशाला? वास्तुविशारद स्टीव्हन्सची ती इमारत, काम १८७८ मध्ये सुरू झालं. कोरीव कामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. त्याच्या आधी, १८६५ मध्ये, जॉन लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्प शिकवायला जे. जे.त आले होते, तेव्हापासून ती परंपरा. गॉथिकचं पुनरुज्जीवन म्हणा, पण दगड, छिन्नी आणि सावली तीच. हायकोर्टावरचं डोळ्याला पट्टी बांधलेलं माकड तराजू धरून बसलंय, तेही बघा.

टाकीचे घाव

गिरगावकर, आम्ही विद्यार्थी असताना रविवारी सकाळी तिथेच बसायचो. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने काढा, गर्दीचा त्रास कमी. एकच खांब घ्या आणि चार रविवार तोच काढा.

लेझर किरण

माझ्या फोटोच्या मुद्द्याला सगळ्यांनी झोडपलं, ठीक आहे. पण एक खरंच विचारायचंय. त्या काळी कोरणाऱ्यांकडे तरी नकाशे होतेच ना? मग त्यांचं मोजमाप कसं चालायचं?

सई नॉटिंगहॅम

फार सुंदर प्रश्न. यॉर्क मिन्स्टर आणि वेल्स या दोन्ही ठिकाणी वरच्या मजल्यावर गिलाव्याची जमीन अजून शिल्लक आहे, जिच्यावर गवंडी खऱ्या मापात रेघा कोरायचे. खिडकीची जाळी अख्खी जमिनीवर, एकावर एक, जुन्या रेघांवरून नव्या. त्यावरून लाकडी साचे कापायचे आणि साचा दगडावर ठेवून आखायचे. यॉर्कची जमीन मी पाहिलीय. तिरप्या उजेडातच रेघा दिसतात, सरळ बघितलं तर नुसती पांढरी ओरखडलेली जमीन.

निवृत्त मास्तर

आणि चर्मपत्रावरचे नकाशेही आहेत. जर्मनीतल्या कोलोन कॅथीड्रलच्या दर्शनी भागाचा, सुमारे १२८० चा, चार मीटरच्या आसपास उंच. कॅथीड्रलचं काम १२४८ ला सुरू होऊन पुढे शतकानुशतकं थांबलेलं. नकाशाचे दोन तुकडे झालेले. एक १८१४ मध्ये डार्मश्टाटला सापडला, दुसरा १८१६ मध्ये पॅरिसला. तो हाताशी धरून मनोरे पुरे केले, १८८० मध्ये. सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने ओढलेल्या रेघेवर बांधकाम झालं, लेझर किरण. चित्राची अचूकता ती हीच.

लेझर किरण

हे मात्र जबरदस्त आहे. शब्द मागे घेतो.

मोगरा

एकदा एका मोठ्या चर्चमध्ये आत बसून चित्र काढत होते, तर राखणदाराने येऊन वही बंद करायला लावली. फोटो काढणारे शंभर जण आजूबाजूला, त्यांना कुणी काही म्हणेना. इतकं वाईट वाटलं. तेव्हापासून बाहेरूनच काढते.

सई नॉटिंगहॅम

मोगरा, असं होतं कधीकधी. मी आत शिरल्या शिरल्या स्वागताच्या टेबलावर विचारून घेते. पेन्सिल चालेल का, स्टूल कुठे टाकू. विचारलं की बहुतेक ठिकाणी उलट खुर्ची आणून देतात. शाई आणि रंग मात्र आत नकोच.

कोरा कागद

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सगळं छापून वहीत चिकटवलंय. पण माझा दुसरा प्रश्न बाजूलाच राहिला. तुटलेल्या हाताचं काय?

निवृत्त मास्तर

अभ्यास म्हणून जोडून काढायला हरकत नाही, असं माझं मत. हात कुठे वळत होता हे कळल्याशिवाय खांदा कळत नाही. जोडलेला भाग तुटक रेघेने दाखवायचा.

टाकीचे घाव

मास्तर, इथे मी तुमच्या विरुद्ध आहे. समोर जे आहे ते काढावं. तुटलेला दगड सर्वात प्रामाणिक असतो. त्याचा छेद दिसतो, कण दिसतो, आतला रंग दिसतो. कोरलेल्या पृष्ठभागावर छिन्नीवाल्याचं राज्य असतं, तुटलेल्या पृष्ठभागावर दगडाचं. ते दोन्ही शेजारी शेजारी काढायला मिळणं ही चित्रकाराची चैन आहे.

कोरा कागद, तुम्ही पॅरिसमध्येच आहात तर क्लुनी संग्रहालयात जा. नोत्र-दामच्या दर्शनी भागावर बायबलमधल्या जुदा राज्याच्या २८ राजांची रांग आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ मध्ये, लोकांना ते फ्रान्सचे राजे वाटले आणि त्यांची डोकी उडवली गेली. १९७७ मध्ये एका इमारतीच्या कामात ती जमिनीखाली सापडली. २१ डोकी तिथे नजरेच्या उंचीवर मांडलीत. नाकं गेलेली, पण काहींवर रंगाचे अंश अजून आहेत. त्यांच्यासमोर बसा आणि नाक जोडून बघा जमतं का. मला धीर झाला नव्हता.

निवृत्त मास्तर

तुमचं म्हणणं पटतं, तरी माझंही सोडत नाही. फ्रान्समधल्या र्‍हॅंस कॅथीड्रलवरचा हसरा देवदूत आठवा. १९ सप्टेंबर १९१४ ला तोफगोळ्यांनी कॅथीड्रलला आग लागली आणि त्याचं डोकं खाली पडून फुटलं. तुकडे जपले, जुना प्लास्टरचा साचा हाताशी होता, १९२६ मध्ये डोकं परत बसवलं. आज आपण जे हसू बघतो ते जोडलेलं आहे. कुणीतरी आधी नीट उतरवून ठेवलं होतं म्हणून ते जोडता आलं.

टाकीचे घाव

साचा होता म्हणून. मनाने नाही जोडलं कुणी.

निवृत्त मास्तर

हं. हे मात्र खरं.

सई नॉटिंगहॅम

साच्यांवरून आठवलं. थंडीच्या महिन्यांसाठी उत्तम सोय आहे. पॅरिसला त्रोकादेरोपाशी, शायो राजवाड्यात वास्तुकलेचं संग्रहालय आहे, तिथे अख्ख्या दारांचे खऱ्या मापाचे प्लास्टरचे साचे आहेत. कल्पना व्हियोले-ल-द्युकचीच, १८८२ ला उघडलं. आत ऊब, वारा नाही, उजेड हलत नाही. बाहेर उंचावर असतं ते तिथे जवळून दिसतं.

आणि शार्त्रला जाल तेव्हा दुपारी तीननंतर जा. दार पश्चिमेला आहे. सकाळी सगळं एकसारखं करडं दिसतं, सावली नसतेच. तुम्ही सकाळी बसला होतात का?

कोरा कागद

सकाळी दहाला. अरे देवा.

बोरू

निम्मं निदान इथेच झालं.

आर्जव

नवशिक्यांसाठी माझीही भर: फ्रान्समधलं आमिएँचं कॅथीड्रल. तिथल्या पश्चिमेच्या दारांखाली भिंतीवर चौपाकळी चौकटींची रांग आहे, जवळपास नजरेच्या उंचीवर. एकेका चौकटीत एक छोटा प्रसंग. सद्गुण, दुर्गुण, राशी, महिन्यांची शेतीकामं. भित्रेपणाच्या चौकटीत एक शिलेदार सशाला घाबरून तलवार टाकून पळतोय. चौकट स्वतःच भूमिती देते, त्यामुळे प्रमाण चुकत नाही. एका बैठकीत एक चौकट होते.

काळी माती

मास्तर, शिंगांचं पान टाकलंय. हसू नका.

निवृत्त मास्तर

हसतोय कुठे? डावं शिंग मागे गेलंय हे तुम्ही एका रेघेत दाखवलंत. मुलांना हे शिकवायला मला वर्ष लागायचं.

कोरा कागद

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी. दोन शनिवार पावसात गेले.

काल गेले होते. मुद्दाम दुपारी अडीचला पोचले, स्टूल टाकलं आणि पहिला अर्धा तास काहीच काढलं नाही. ऊन दाराच्या उजवीकडून तिरपं येत गेलं आणि राणी हळूहळू भिंतीपासून सुटत गेली. तीच राणी. सकाळी मला जिच्या चुण्या मोजता आल्या होत्या, तिच्या निम्म्या चुण्या आता उन्हात बुडून गेल्या होत्या. दिसत होत्या तेवढ्या टाकीचे घाव म्हणाले तशाच, दोन खोल. एक डाव्या हाताच्या कोपराखालून निघून थेट खाली, आणि दुसरी वेणीच्या मागे.

करडा कागद नेला होता. मास्तरांचा दंडगोल आधी काढला, इतका हलका की जवळून बघितल्याशिवाय दिसत नाही. मग सईसारखा अंधार भरला, वेणीमागचा. वेणीचा एकही पेड काढला नाही. फक्त उजेडाच्या बाजूने पांढऱ्या खडूचे सात-आठ ठिपके दिले, जिथे पेड फुगून वर येतो तिथे. बोरू, खांद्याची रेघ तोडली, हात थरथरत होता. एक फ्रेंच आजी मागे येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने वेणीकडे बोट दाखवून स्वतःच्या मानेमागे हात फिरवला आणि हसल्या.

उजव्या दाराच्या कमानीत व्याकरण नावाची बाई आहे, हातात छडी, पायाशी दोन मुलं. पुढच्या वेळी ती काढणार आहे. मिथुन आणि मीन या राशीही त्याच दारात आहेत, बाकीच्या दहा डाव्या दारात, तुम्हाला माहीत होतं?

चित्र जोडलंय. आणि शेजारच्या पुतळ्याचा हात मनगटापाशी थांबवला. तुटल्या जागी दगड खरबरीत आहे, तिथे पेन्सिल आडवी धरून नुसती घासली.

टाकीचे घाव

मनगट बघतोय. दगड आला.

पावशेर

वेणीवरचे ठिपके सात नाहीत, नऊ आहेत. मोजले.